आधी सोबतच्याचा हात

आमच्या सरांच्या खोलीत पेशंटसाठी एक स्टूल होतं आणि सोबत आलेल्या माणसासाठी दुसरं. गंमत म्हणजे सोबतच्याचं स्टूल सरांच्या जास्त जवळ. मला वाटलं, फरशी पुसताना मावशींनी उलटंसुलटं ठेवलं असणार. म्हणून पहिल्याच दिवशी मी शहाणपणा करून ते नीट लावलं. सर उठले, दोन्ही स्टुलं पुन्हा होती तशी ठेवली आणि बसले. मग पेशंट आला, मागून त्याची बायको आली, आणि सरांनी बायकोचा हात हातात घेऊन तिची नाडी बघायला सुरुवात केली.

"डॉक्टर, पेशंट मी आहे," तो म्हणाला. बिचारा शर्टाची बटणं काढून तयार बसला होता.

"माहितीये," सर म्हणाले. "तुम्ही कुठे पळून चाललाय?"

मी मूळची नाशिकचीच. हृदयरोगाचं शिक्षण पुण्यात संपवून परत आले आणि सरांच्या हाताखाली रुजू झाले. स्वभावाने मी चौकस. हा अर्थात माझा शब्द, माझी आई त्याला भोचक म्हणते. समोरच्या माणसाने एखादी गोष्ट विचित्र केली की ती का केली हे कळेपर्यंत मला अन्न गोड लागत नाही. आणि इथे तर माणूसच सगळा विचित्र होता.

सर साठी ओलांडलेले, उंच, किडकिडीत, बाराही महिने अंगात मरून रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर. मे महिन्यात नाशिकचं ऊन डोक्यावर आलेलं असताना हे गृहस्थ स्वेटर घालून गाडीतून उतरायचे आणि वॉचमनसुद्धा तोंड फिरवून हसायचा. चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसायचे. चहा ते पीत कमी आणि धरत जास्त. शेवटी पार निवून गेल्यावर एका घोटात संपवायचे, औषध घेतल्यासारखा.

माणसांना ते अहो म्हणत, सगळ्यांनाच. दोन वर्षांच्या पोरालासुद्धा "अहो, जरा श्वास घेता का?" म्हणायचे आणि ते पोर रडायचं विसरून त्यांच्याकडे बघत राहायचं. यंत्रांना मात्र अरे-तुरे. सोनोग्राफीसारखं हृदयाचं चित्र दाखवणारं इको मशीन त्यांच्याच खोलीत होतं. ते अडलं की त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "काय रे, आज झोप झाली नाही का?" ते मशीन तापू नये म्हणून खोलीतला एसी दिवसभर चालू. आम्ही सगळे तिथे कुडकुडत काम करायचो.

"घाबरू नका," हे आम्हा डॉक्टरांचं ठरलेलं वाक्य. सरांच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नाही. अँजिओग्राफी करावी लागेल म्हटल्यावर माणूस पांढराफटक पडायचा. त्याला ते शांतपणे सांगायचे, "घाबरायचंय ना? मग आत्ताच घाबरून घ्या. मी तोवर चहा घेतो. नंतर आपल्याला काम आहे." आणि खरंच ग्लास धरून खिडकीबाहेर बघत बसायचे. माणूस तरी एकटा किती वेळ घाबरणार! थोड्या वेळाने कंटाळून तोच म्हणायचा, "बरं, आता काय करायचं ते सांगा."

खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्याचं दार अर्ध्यावर अडकायचं. ऑफिसने दुरुस्तीला माणूस पाठवला तर सरांनी त्याला पिटाळून लावला. झडप आकसलेला पेशंट आला की ते त्याला त्याच दारातून एखादी जाडजूड फाइल काढायला लावायचे. माणूस हात वाकडातिकडा करून, बोटं खरचटून घेऊन कशीबशी ती बाहेर ओढायचा. मग सर म्हणायचे, "बघा. तुमच्या काळजाला दिवसभर हेच करावं लागतंय. दार पूर्ण उघडत नाही, आणि सामान तर रोज तेवढंच काढायचंय." मी पुण्यात याच विषयावर तासभराची व्याख्यानं ऐकली होती. त्यापेक्षा हे कपाट बरं होतं.

रविवारी सकाळी ते मिसळ खायला जायचे. हृदयाचा डॉक्टर मिसळीच्या दुकानात शिरला की काय होतं ते नाशिककरांना सांगायला नको. अर्ध्या टेबलांवरची माणसं पाठ फिरवायची, कोणी तर्रीची वाटी बायकोपुढे सरकवायचा. एकदा त्यांचा एक जुना पेशंट अगदी समोरासमोर सापडला. तोही बिलंदर, त्याने उलट विचारलं, "आणि डॉक्टर, तुम्ही कसे काय इथे?" सरांच्या पुढ्यात झणझणीत मिसळ, दोन पाव जादा. म्हणाले, "मी फक्त सोबत आलोय." आणि जेवणाऱ्या सगळ्यांकडे हात केला.

पण माझं डोकं खाल्लं ते त्या नाडीने. सोबत आलेल्याचा हात आधी का? एकदा एक मोठे बागायतदार आईला घेऊन आले. हातातला फोन खाली ठेवत नव्हते. सरांनी त्यांचा मोकळा हात धरला तसे ते वैतागले, "डॉक्टर, माझा काय संबंध? आई पेशंट आहे." सर म्हणाले, "तुम्हाला किती घाई आहे ते बघतोय. त्या हिशेबाने आईंना सांगायला वेळ काढतो." त्यांनी निमूट फोन खिशात टाकला.

वॉर्डातल्या सिस्टरांचं म्हणणं असं की, सरांचे वडील आजारी होते, त्यांना सांभाळता सांभाळता आईच गेली, तेव्हापासून ही सवय. कँटीनवाल्या काकांना खात्री होती की सर हस्तरेषा बघतात. औषध कंपनीचा एक पोरगा म्हणायचा, ही परदेशातली लेटेस्ट पद्धत आहे. मी सरळ सरांनाच विचारलं. ते म्हणाले, "पेशंटचा हात घाबरलेला असतो. सोबतच्याचा हात खरं बोलतो." मी भारावले. आठवड्याने डॉक्टरांच्या एका बैठकीत त्यांना कोणीतरी तेच विचारलं, तेव्हा म्हणाले, "आजार माणसात नसतो, घरात असतो." आणि त्याच संध्याकाळी कँटीनवाल्या काकांना म्हणाले, "तुम्ही म्हणता तेच. रेषा बघतो." मी चिडले. याचा अर्थ तिन्ही थापा होत्या!

त्याच वर्षी थंडीत ते जोडपं आलं.

पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावरचं. दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागेत तोडणीला आलेलं. नवऱ्याच्या छातीत दुखत होतं. त्याचा कार्डिओग्राम स्वच्छ, इको स्वच्छ. क्रेट उचलून उचलून स्नायू आखडले होते, बस. पण हे सगळं नंतर. आधी सरांनी नेहमीप्रमाणे बायकोपुढे हात केला. तिने आपला हात पदराखाली घेतला.

"मला नाय काय झालं. ह्याला बघा."

"बघतो. आधी तुम्ही."

एरवी सर मिनिटभरात हात सोडायचे, त्या दिवशी सोडलाच नाही. डोळे मिटले. मग मला म्हणाले, "धरा जरा." मी धरला. नाडीला तालच नव्हता. दोन ठोके लगबगीने, मग एक गायब, मग तीन एकदम. मी सरांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली. तिला मशीनवर घेतलं. डाव्या बाजूची झडप आकसून गेली होती. जिथून दोन बोटं सहज जावीत तिथे पेन्सिल जाईल एवढी फट. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले असणार, तो ताप गेला आणि हे मागे ठेवून गेला. आमच्या डोंगराकडच्या भागात असे पेशंट आम्ही बघत आलोय.

"दम लागतो?" सरांनी विचारलं.

"आडवं झालं की लागतो. म्हनून बसून झोपते. त्यात काय? लय बाया बसून झोपत्यात."

सरांनी तिला कपाटाकडे नेलं. "ती फाइल काढा बघू." तिने हात घातला आणि फाइल अलगद बाहेर काढली. तिचं मनगट इतकं बारीक होतं की ते अर्धं दार तिला पुरलं. "निघाली की," ती म्हणाली. सरांचं कपाट पहिल्यांदाच फसलं.

त्यांनी परोपरीने सांगितलं. पायाच्या शिरेतून नळी घालायची, अडकलेल्या दारात बलून फुगवायचा, दार मोकळं. खर्च सरकारी योजनेतून. काही दिवसांचा प्रश्न. नाहीतर एक दिवस फुप्फुसात पाणी भरेल आणि तेव्हा आमच्याही हातात काही राहणार नाही. तिने ऐकून घेतलं आणि उठली.

"मुकादम जोडीनंच कामावं घेतो. एक बसला की दुसऱ्यालाबी घालवतो. हंगाम सोडून मी नाय झोपायची. आनि आजारी हा हाय, मी नाय."

तेव्हा सरांनी एक अजब गोष्ट केली. नवऱ्याकडे वळून गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "तुम्हाला दर आठवड्याला यावं लागेल. आणि एकटं यायचं नाही, बायकोला घेऊन यायचं. गोळ्या दोघांनी घ्यायच्या, त्याशिवाय गुण येत नाही." नवऱ्याला ताकदीच्या गोळ्या दिल्या, तिला तिच्या खऱ्या. ते गेल्यावर मी म्हटलं, "सर, हे खोटं आहे."

"हो."

"त्याला कळलं तर?"

"तर मार खाऊ. पण त्या येत राहतील. दोन-तीन फेऱ्यांत मी त्यांना बलूनला तयार करतो."

खरंच ती आली. नवऱ्याचा दंड धरून, त्याला जपून स्टुलावर बसवायची. सर आधी तिचा हात धरून तिच्याशी पाड्यावरच्या गप्पा मारत. नाचणी कशी झाली, शिमग्याला घरी जाणार का. दुसऱ्या फेरीत ती म्हणाली, "हंगाम सपला की बघू." सर त्या दिवशी इतके खूश की चहा गरम असतानाच प्याले.

तिसऱ्या फेरीला नवरा एकटाच आला. धुतलेला शर्ट, गळ्याला मफलर, एक हात छातीवर, पावलं जपून टाकत. पेशंटच्या स्टुलावर बसला.

"आज एकटेच?" सरांनी विचारलं.

"ती कामावं गेली. मुकादम बोलला, तू बसलास त जोडी मोडतो. मंग ती बोलली, मी दोघांचं करते. मला कायबी उचलू देत नाय ती. माझा भात बी तीच वाढून देते. डाक्तर, लय माया हाय तिची माझ्यावं."

"क्रेट कोण उचलतं?"

"तीच. तिचे आन माझे."

सरांनी ग्लास टेबलावर ठेवला. मला त्यांचा राग आला. जिला आडवंसुद्धा झोपता येत नाही ती बाई आमच्या शहाणपणापायी दोन माणसांची ओझी वाहत होती, आणि हा धडधाकट गडी मफलर गुंडाळून बसला होता. त्याला तरी काय बोलणार? त्याला आजारी आम्हीच पाडलं होतं.

सर उठले. बाहेरच्या पेशंटना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवायला सांगितलं आणि नवऱ्याला घेऊन गाडीकडे निघाले. किल्ली माझ्या हातात दिली. "तुम्ही चालवा. माझे हात ठीक नाहीत." दिंडोरी रोडला लागल्यावर ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "अहो, मला भीती वाटतेय." तेवढ्याने माझा राग अर्धा उतरला.

बागेत तोडणी जोरात होती. बाया डोक्यावर क्रेट घेऊन ओळीतून टेम्पोकडे चालल्या होत्या. ती सगळ्यांच्या मागे. डोक्यावर एकावर एक दोन क्रेट. दर चार पावलांनी मांडवाच्या खांबाला धरून थांबत होती, ओठ काळेनिळे, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. सर बांधावरून धावले. पॉलिशच्या बुटांनी चिखलात धावणारा साठीचा माणूस बघून सगळी टोळी थबकली. त्यांनी तिच्या डोक्यावरचे क्रेट स्वतः उतरवले आणि तिला बांधावर बसवलं. ती बोलू शकत नव्हती. मी बॅगेतून इंजेक्शन काढून दिलं. दम खाली बसेपर्यंत सर तिच्यासमोर मातीत बसून राहिले.

मग सगळ्यांसमोर म्हणाले, "मी तुमच्याशी खोटं बोललो. तुमच्या नवऱ्याला काही झालेलं नाही. आजारी तुम्ही आहात. तुम्ही येत राहावं म्हणून मी त्यांना आजारी केलं."

"म्हंजी मी बरा हाय?" नवरा म्हणाला. खरं सांगते, त्याचा चेहरा पडला.

तिने आधी नवऱ्याकडे बघितलं. मग त्यांच्या बोलीत ती जे काही सुटली, त्यातलं मला चौथाई कळलं, पण रोज पाय चेपून घेतल्याचा उल्लेख त्यात नक्की होता. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. नवऱ्याने गुपचूप मफलर काढला, तिचे दोन्ही क्रेट उचलले आणि टेम्पोकडे चालता झाला. मग तिने मोर्चा सरांकडे वळवला.

"तुमी शिकल्याली मान्सं. सरळ सांगायला काय झालं व्हतं?"

"सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाही."

"मंग परत सांगायचं! एकदा सांगून कोन ऐकतं? आमी गायीला बी दोनदा हाकारतो."

सर हात जोडून म्हणाले, "परत सांगतो. चला माझ्याबरोबर. आजच."

तिने मान वळवून बागेकडे बघितलं. ओळीच्या टोकाला नवरा दोनाऐवजी तीन क्रेट उचलून दाखवत होता. मुकादम जवळ आला. तिने त्यालाच विचारलं, "हा एकला दोघांचं करीन. जोडी ठेवशील का?" मुकादम तिच्या ओठांकडे बघत होता. "जा बाई," तो म्हणाला. "जोडी राहील तुझी." मग ती गाडीत बसली.

काही दिवस औषधं देऊन, हृदयात रक्ताची गाठ नाही याची खात्री करून सरांनी तिचा बलून केला. मी शेजारी उभी होते. ती फट उघडताना पडद्यावर दिसली, आणि टेबलावरून तिचा आवाज आला, "काय केलं व? मोकळं वाटतंय." सरांनी मशीनला शाबासकी दिली. आम्ही बाहेर आल्यावर नवरा उठला आणि कोणी न सांगता त्याने आपलं मनगट सरांपुढे धरलं. "घ्या," म्हणाला. "आता मी सोबत हाय." रडतही होता आणि हसतही होता. मीही वेगळं काही करत नव्हते.

शिमग्याला गावी परतण्याआधी दोघं शेवटचं दाखवायला आली. तिच्या गालांवर रंग चढला होता. आडवी झोपते म्हणाली, आणि घोरते असं नवरा म्हणाला. ती सवयीने सोबतच्या स्टुलावर बसली, सरांनी सवयीने तिचा हात धरला. एकदम तिने विचारलं,

"एक इचारू का डाक्तर? त्या दिशी आजारी म्हनून हा आला व्हता. तुमी पयला माझा हात का धरला?"

मी इकोचं बटण दाबता दाबता थांबले. अख्खी थंडी मला छळणारा प्रश्न तिने सरळ पुढ्यात टाकला होता. सर आता काहीतरी थोर बोलणार, याची मला खात्री होती.

"खरं सांगू?" ते म्हणाले.

"खरंच सांगा. मागल्या खेपेला खोटं सांगून काय झालं ते बघितलं ना."

"माझे हात गार असतात. पहिल्यापासूनच, आणि त्यात हा एसी. गार हात लावला की पेशंट दचकतो, नाडी पळायला लागते, मग मला काही धड कळत नाही. म्हणून सोबत आलेल्याचा हात आधी धरतो. हात उबदार करून घेतो. बाकी काही नाही."

मला माझंच हसू आलं. बारमाही स्वेटर, तळव्यांत धरलेला ग्लास, सगळं डोळ्यांसमोर होतं. भोचकपणा करण्यात मी पटाईत, बघण्यात शून्य.

ती हसली नाही.

"म्हंजी माझ्यात काय हाय ते तुमाला ठावं नव्हतं?"

"नाही."

"हात ऊन असते त?"

"तर तुमचा हात धरलाच नसता," सर म्हणाले. "यांना गोळ्या देऊन दोघांना परत पाठवलं असतं."

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं आणि पटकन नजर खाली घातली. तिने आपल्या मनगटावरची सरांची बोटं बघितली, मग दुसऱ्या हाताने ती चाचपून पाहिली.

"आजबी गारच हायत."

"हो."

"मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "गारच ऱ्हाऊ द्या."